विश्वाचं वय लॉगटेबलावर : एका भागाकारापासून १३८० कोटी वर्षांपर्यंत

यवतेश्वर (सातारा)

मे महिन्याच्या सुट्टीत सातारा-सांगलीच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. त्याचं गणित इथे मांडतो. या धाग्यावर चुका काढा, भर घाला.

"विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं" हे मुलांना पाठ असतं. तो आकडा त्यांनी स्वतः काढावा, एवढंच उद्दिष्ट आहे. त्याला बारावीच्या गणितापलीकडचं काही लागत नाही. कॅल्क्युलेटरसुद्धा नको, बोर्डाचं लॉगटेबल पुरतं.

सुरुवात एसटीपासून. सातारा स्टँडवरून तीन गाड्या एकाच क्षणी सुटल्या. आत्ता एक कराडच्या आसपास ५० किमीवर आहे आणि तिचा वेग ताशी २५ आहे. दुसरी ८० किमीवर, वेग ४०. तिसरी सांगलीच्या वेशीवर १२० किमीवर, वेग ६०. कोणतीही गाडी घ्या, अंतर भागिले वेग दोनच तास येतात. गाड्या सुटताना कुणी पाहिल्या नसल्या तरी त्या दोन तासांपूर्वी एकाच जागी होत्या हे कळतं.

दीर्घिकांचं (गॅलेक्सींचं) असंच आहे. जी जितकी दूर, तितकी ती वेगाने लांब जाते. वेग = ह × अंतर. हा 'ह' म्हणजे हबल स्थिरांक. त्याचं आजचं ढोबळ मूल्य दर मेगापार्सेकला सेकंदाला ७० किमी. म्हणून अंतर भागिले वेग = १ भागिले ह.

आता एककं. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं, किंवा ३.०८६ × १०^१३ किमी. मेगा म्हणजे दहा लाख, म्हणून एक मेगापार्सेक = ३.०८६ × १०^१९ किमी.

३.०८६ × १०^१९ ÷ ७० = ४.४१ × १०^१७ सेकंद.
एका वर्षात ३.१५६ × १०^७ सेकंद.
भागाकार १.३९७ × १०^१०, म्हणजे १३.९७ अब्ज वर्षं, म्हणजे १३९७ कोटी.

एकदा हे लांबलचक करून घेतलं की पुढे सोपी वाट आहे. ९७८ ला 'ह' ने भागा, उत्तर थेट अब्ज वर्षांत येतं. ९७८ ÷ ७० = १३.९७.

मुलं चुकतात त्या जागा तीन. पार्सेकचं मेगापार्सेक करायला विसरतात, मग वय १४ हजार वर्षं येतं. दुसरं, वर्षाचे सेकंद काढताना ३६०० ऐवजी ६० ने गुणतात. तिसरी चूक शब्दांची आहे: दशलक्ष म्हणजे दहा लाख आणि अब्ज म्हणजे शंभर कोटी. बातम्यांमध्येही 'बिलियन'चं भाषांतर कधीकधी दशलक्ष होतं आणि आकडा हजारपट घसरतो. फळ्यावर सगळं कोटीतच लिहावं, हे बरं.

भागाकार

उत्तम धागा. दोन शंका, मुलंही नेमक्या याच विचारतील.

१. गाड्या सातारा स्टँडवरून सुटल्या. मग दीर्घिका आपल्यापासून सुटल्या का? आपण मध्यभागी आहोत का?
२. गाडीचा वेग कायम धरलाय. खंबाटकीच्या घाटात गाडी मंदावते, पुढे पळते. विश्वाचा वेग कायम कशावरून?

कासपठार (सातारा)

पहिल्या शंकेवर एसटीचा दाखला अपुरा पडतो. तिथे इलॅस्टिक लागतं. शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळणारं अडीच सेंटीमीटर रुंदीचं कमरेचं इलॅस्टिक सव्वा मीटर घ्या. ताण न देता टेबलावर पसरा आणि मधल्या एक मीटरमध्ये दर १० सेमीवर बॉलपेनने खूण करा. दोन्ही टोकं लाकडी पट्टीला चिमट्याने घट्ट धरा आणि चार सेकंदांत एक मीटरचं १२० सेमी होईल इतकं सावकाश, एकसारखं ओढा.

कोणतीही एक खूण 'आपण' समजा. १० सेमीवरची खूण १२ वर जाईल: सरकली २ सेमी, वेग सेकंदाला ०.५. वीसवरची २४ वर: सरकली ४, वेग १. आताचं अंतर भागिले वेग दोन्हीकडे २४ सेकंदच. आता दुसऱ्या कोणत्याही खुणेला 'आपण' म्हणा आणि पुन्हा मोजा. तरीही २४. मधली खूण कुठलीच नाही, किंवा प्रत्येकच आहे. मुलांना दोन वेगवेगळ्या खुणांवरून मोजायला लावलं की "आपण मध्यभागी आहोत का" हा प्रश्न तेच सोडवतात.

बिघडतं कुठे? इलॅस्टिक बोटांनी धरलं तर टोकाजवळचा भाग कमी ताणला जातो, म्हणून दोन्ही बाजूंची दहा-दहा सेंटीमीटर खुणांविना सोडायची. दीडपटीच्या पुढे ओढलं तर ताण सगळीकडे सारखा राहत नाही. जुनं, धुतलेलं इलॅस्टिक तर वापरूच नये, ते मध्येच सैल झालेलं असतं.

दुसरी शंका फार महत्त्वाची आहे. तिचं उत्तर कृष्णाकाठ देतील तर बरं.

मिरज जंक्शन

गणिताआधी मोजमाप. 'ह' ७० आहे हे मुलांनी का मानावं? तेही काढता येतं.

वेगासाठी दीर्घिकेचा वर्णपट (स्पेक्ट्रम) लागतो. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेचे दीर्घिकांचे वर्णपट इंटरनेटवर कुणालाही मोफत बघता येतात. अरुंधती केश (कोमा) या तारकासमूहातला दीर्घिकासमूह निवडा. तो बहुतेक लंबवर्तुळाकार दीर्घिकांचा आहे आणि त्यांच्या वर्णपटात कॅल्शियमच्या दोन ठळक काळ्या रेषा शेजारी शेजारी दिसतात. प्रयोगशाळेत त्या ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर असतात. या समूहात पहिली रेष सुमारे ४०२.५ वर सापडते.

सरक = ४०२.५ − ३९३.४ = ९.१
ताम्रसृती (रेडशिफ्ट) = ९.१ ÷ ३९३.४ = ०.०२३१
वेग = ०.०२३१ × ३,००,००० = सेकंदाला सुमारे ६९३० किमी

या समूहाचं अंतर सुमारे १०० मेगापार्सेक. ६९३० ÷ १०० = ६९.३. आणि ९७८ ÷ ६९.३ = १४.१ अब्ज वर्षं. एका समूहावरून इतकं जवळ येतो आपण.

दोन खड्डे सांगून ठेवतो.

स्लोनच्या आलेखात तरंगलांबी निर्वातातली असते, आणि आपल्या बहुतेक पुस्तकांतले आकडे हवेतले. कॅल्शियमच्या या रेषेला फरक ०.११ नॅनोमीटर पडतो, म्हणजे वेगात सेकंदाला ८५ किमी. अरुंधती केशासाठी ही सव्वा टक्क्याची चूक. जवळच्या दीर्घिकेसाठी मात्र ती सगळं उत्तर बिघडवते.

दुसरं, एकच दीर्घिका घेऊ नका. समूहातल्या दीर्घिका एकमेकींच्या ओढीने आतल्या आत सेकंदाला हजार-हजार किमीने धावत असतात. याच समूहातल्या दोन सर्वांत मोठ्या दीर्घिका घ्या. एनजीसी ४८८९ चा वेग सुमारे ६५००, एनजीसी ४८७४ चा सुमारे ७२००. पहिलीवरून वय १५ अब्ज, दुसरीवरून १३.६. दोघी एकाच अंतरावर असूनही! म्हणून निदान पंधरा-वीस दीर्घिकांची सरासरी हवी. दहा गट, प्रत्येकाला दोन वर्णपट, असं वाटलं तर अर्ध्या तासात होतं.

कृष्णाकाठ (सांगली)

सरासरीवरूनच एक महत्त्वाचं. शाळेतला विद्यार्थी प्रत्येक दीर्घिकेवरून वय काढेल आणि मग वयांची सरासरी घेईल. ते चुकीचं आहे. का, ते आकड्यांत बघा.

मेसिए १०१ (जवळची एक दीर्घिका): अंतर सुमारे ६.५ मेगापार्सेक, वेग २४१. वय आलं २६.४ अब्ज.
कन्या समूह: अंतर १६.५, वेग सुमारे ११००. वय १४.७.
अरुंधती केश: अंतर १००, वेग ६९२५. वय १४.१.

वयांची सरासरी १८.४ अब्ज. एकट्या मेसिए १०१ ने सगळं बिघडवलं. जवळच्या दीर्घिकेचा प्रसरणाचा वेग मुळात थोडा असतो, आणि तिची स्वतःची इकडेतिकडे धाव, त्यात सूर्याचं आकाशगंगेच्या केंद्राभोवतीचं फिरणं, हे मिळून दोन-तीनशे किमी सहज होतात.

त्याऐवजी आलेखावर शून्यातून जाणारी रेघ काढायची. तिचा चढ = (वेग × अंतर यांची बेरीज) ÷ (अंतराच्या वर्गांची बेरीज).

वर: २४१×६.५ + ११००×१६.५ + ६९२५×१०० = ७,१२,२१७
खाली: ४२ + २७२ + १०,००० = १०,३१४
चढ ६९.०५, वय १४.२ अब्ज.

दूरच्या समूहाला आपोआप जास्त वजन मिळतं, कारण तिथे स्वतःच्या धावेचा हिस्सा नगण्य असतो. सेकंदाला ३००० किमीपेक्षा कमी वेगाच्या दीर्घिका शक्यतो घेऊच नयेत, कारण ३०० ची चूक तिथे १० टक्के होते. देवयानी दीर्घिका तर सेकंदाला ३०० किमीने आपल्याकडे येते आहे, तिच्यावरून वय उणे येईल. आणि वरची मर्यादा ताम्रसृती ०.०३ ची ठेवा. त्यापुढे 'वेग = ताम्रसृती × प्रकाशाचा वेग' हे साधं सूत्र आणि तेजावरून काढलेलं अंतर यांचा मेळ बसेनासा होतो. ०.१ ला फरक ७-८ टक्क्यांवर जातो.

यवतेश्वर (सातारा)

फार उपयोगी. मेसिए १०१ चं उदाहरण पत्रकात मुद्दाम घालतो. मुलांनी आधी २६४० कोटी वर्षं काढावीत आणि मग ती का चुकली ते शोधावं.

मिरज जंक्शन यांनी "अंतर सुमारे १०० मेगापार्सेक" एका ओळीत सांगितलं, पण सगळी मेख तिथेच आहे. वर्णपटावरून वेग एका टक्क्याच्या आत मिळतो. अंतर मिळवताना नाकी नऊ येतात. आणि वय = अंतर ÷ वेग असल्यामुळे अंतरातली १० टक्के चूक म्हणजे वयातली १० टक्के चूक, त्यातून सुटका नाही.

अंतराची एक पद्धत वर्गात करता येण्यासारखी आहे. एका विशिष्ट जातीचे अतिनवतारे (टाइप वन-ए सुपरनोव्हा) कमाल तेजाला पोहोचतात तेव्हा त्यांची निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून पाहिलं तर दिसेल ते तेज) जवळजवळ −१९.३ असते. दिसणारी प्रत १५.७ असेल तर:

फरक = १५.७ + १९.३ = ३५
(३५ + ५) ÷ ५ = ८
अंतर = १०^८ पार्सेक = १०० मेगापार्सेक

प्रत मोजण्यात ०.१ चूक झाली तर लॉगटेबलात १०^०.०२ बघा: १.०४७. म्हणजे जवळजवळ ५ टक्के अंतर, आणि ५ टक्के वय. वाटेत धूळ असेल तर तारा मंद दिसतो, अंतर जास्त वाटतं, 'ह' कमी येतो आणि विश्व उगाच म्हातारं होतं.

शिवाय हे −१९.३ कुठून आलं? जवळच्या दीर्घिकांमधल्या सेफीड चलताऱ्यांवरून (ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांवरून). सेफीडचं तेज जवळच्या ताऱ्यांच्या पराशयावरून, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पायावर केलेल्या त्रिकोणमितीवरून. एकावर एक रचलेली शिडी आहे. खालची पायरी हलली की वरचं सगळं हलतं.

सप्तर्षी

खालची पायरी हलल्याचाच इतिहास आहे हा.

चलताऱ्याचा आवर्तकाल जितका मोठा तितकं त्याचं तेज जास्त, हे हेन्रिएटा लेविट यांनी १९१२ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीचा वेग मोजला आणि पुढे आणखी दीर्घिकांचे मोजत गेले. जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये प्रसरणाचं गणित आणि दर दोन्ही मांडले. एडविन हबल यांनी १९२९ मध्ये २४ दीर्घिकांची अंतरं आणि वेग घेऊन आलेख काढला. म्हणून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने या नियमाला हबल-लमेत्र नियम म्हणावं अशी शिफारस केली.

हबल यांचा 'ह' सुमारे ५०० होता. ९७८ ÷ ५०० = १.९६ अब्ज वर्षं. त्या काळी किरणोत्सर्गावरून खडकांची वयं तितकीच, काही तर त्याहून जास्त निघत होती. पुढे पृथ्वीचं वय ४.५५ अब्ज ठरलं, म्हणजे विश्व पृथ्वीपेक्षा निम्म्याहून लहान! वेग बरोबर होते. चुकली होती ती अंतरं.

वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये सेफीड ताऱ्यांच्या दोन जाती असल्याचं आणि त्यांचं तेज वेगळं असल्याचं जाहीर केलं. एकीचं माप दुसरीला लावलं गेलं होतं. अंतरं एका दिवसात दुप्पट झाली, वयही दुप्पट. नंतर ॲलन सँडेज यांनी दाखवलं की दूरच्या दीर्घिकांत सर्वांत तेजस्वी तारे म्हणून जे धरले होते, त्यातले काही तारे नव्हतेच, चमकते वायूमेघ होते. १९५८ मध्ये त्यांचा 'ह' ७५ वर आला. ९७८ ÷ ७५ = १३.

वयाच्या या अडचणीचा आपल्याकडच्या खगोलशास्त्राशीही संबंध आहे. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला, त्यामागे पृथ्वीपेक्षा लहान विश्वाचा हा पेचही होता. ज्या विश्वाला सुरुवातच नाही, त्याच्या वयाचा प्रश्न येत नाही. कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर हॉइल यांचे विद्यार्थी आणि सहकारी होते, आणि त्यांनी या विचाराची बाजू पुढे अनेक वर्षं लढवली. मुलांना हे जरूर सांगा. आकडा चुकीचा असला तरी त्याने किती विचार घडवला!

भागाकार

सगळं पटलं. पण माझी दुसरी शंका अजून तशीच आहे. गुरुत्वाकर्षण असताना वेग कायम राहील कसा? वर फेकलेला चेंडू मंदावतो. म्हणजे पूर्वी प्रसरण जोरात असणार, म्हणजे खरं वय १४ अब्जांपेक्षा कमी. मग १३.८ इतकं जवळ कसं येतं?

कृष्णाकाठ (सांगली)

शंका अगदी बरोबर, आणि या धाग्यातला सगळ्यांत सुंदर भाग इथेच आहे.

विश्वाचं आजचं प्रमाण १ धरा. पूर्वीचं प्रमाण 'प': ० पासून १ पर्यंत. वय म्हणजे एका आलेखाखालचं क्षेत्रफळ, गुणिले ९७८ ÷ ह. आलेखाची उंची कशी काढायची ते विश्वात काय भरलंय यावर ठरतं.

फक्त पदार्थ असेल तर उंची = √प. ० ते १ क्षेत्रफळ २/३, हे बारावीचं संकलन. वय = १३.९७ × २/३ = ९.३ अब्ज. तुम्ही म्हणता ते हेच, आणि १९९० च्या दशकात खरंच मोठा पेच होता. तारकागुच्छ १२-१३ अब्जांचे आणि विश्व ९ चं!

१९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून कळलं की प्रसरणाचा वेग वाढतोय. याच शोधासाठी पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११ चं नोबेल मिळालं. आज पदार्थाचा वाटा ०.३ आणि कृष्ण ऊर्जेचा (हा वेग वाढवणाऱ्या, अजून न उलगडलेल्या ऊर्जेचा) ०.७ धरा. उंची होते:

१ ÷ √(०.३/प + ०.७ × प²)

दहा पट्ट्या करा, प्रत्येकीची रुंदी ०.१. प्रत्येक पट्टीच्या मध्यावरची उंची:

०.०५ → ०.४०८
०.१५ → ०.७०४
०.२५ → ०.८९७
०.३५ → १.०३०
०.४५ → १.११२
०.५५ → १.१४९
०.६५ → १.१४९
०.७५ → १.१२२
०.८५ → १.०७९
०.९५ → १.०२७

बेरीज ९.६७७, गुणिले ०.१ = ०.९६८. वय = १३.९७ × ०.९६८ = १३.५ अब्ज.

आधी चाचणी म्हणून √प चंच क्षेत्रफळ याच दहा पट्ट्यांनी काढून बघा. ०.६६८ येतं, खरं ०.६६७. म्हणजे हात बरोबर चालतोय.

आता उंच्यांचा क्रम नीट बघा. उंची वाढते तेव्हा प्रसरण मंदावतं, घटते तेव्हा वेग घेतं. अर्ध्या वाटेपर्यंत चढतो, ०.६ च्या आसपास टेकतो, मग उतरतो. आधी पदार्थाने ब्रेक लावला, मग कृष्ण ऊर्जेने वेग वाढवला. दोन्हींचा परिणाम एकमेकांना जवळजवळ फेडतो आणि २/३ ऐवजी ०.९६ उरतं. म्हणून साधा भागाकार इतका जवळ बसतो. हा नियम नाही, आपण आज मोजतोय म्हणून जुळून आलंय. विश्व आजच्या निम्म्या आकाराचं असताना कुणी हाच भागाकार केला असता तर त्याचं उत्तर खऱ्या वयापेक्षा बरंच जास्त आलं असतं.

ज्यांना अचूक सूत्र हवं त्यांच्यासाठी, पदार्थ ०.३१५ आणि कृष्ण ऊर्जा ०.६८५ घेऊन (प्लांक उपग्रहाचे २०१८ चे आकडे, 'ह' ६७.४):

√(०.६८५ ÷ ०.३१५) = १.४७५
१.४७५ + √(१.४७५² + १) = ३.२५६
लॉगटेबलात लॉग ३.२५६ = ०.५१२७. गुणिले २.३०२६ = १.१८१
गुणिले २, भागिले (३ × √०.६८५) = ०.९५१
९७८ ÷ ६७.४ = १४.५१. गुणिले ०.९५१ = १३.८

हा तो १३८० कोटींचा आकडा. पाच ओळी. मुलं हमखास विसरतात ती पायरी २.३०२६ ने गुणण्याची: लॉगटेबल १० च्या पायाचं आहे आणि सूत्राला नैसर्गिक लॉग लागतो.

कासपठार (सातारा)

ताऱ्यांवरून पडताळा घेता येईल का? सोपं सूत्र असं: सूर्याचं आयुष्य १० अब्ज. ताऱ्याचं तेज वस्तुमानाच्या ३.५ व्या घाताने वाढतं, म्हणून आयुष्य = १० × वस्तुमान^(−२.५). जुन्या गोलाकार तारकागुच्छात आज ०.८ सूर्यवस्तुमानाचे तारे इंधन संपून राक्षसी व्हायला लागलेत. ०.८^(−२.५) = १.७५. वय १७.५ अब्ज येतंय! विश्वापेक्षा जास्त. कुठे चुकतं?

मिरज जंक्शन

सूत्र सूर्यासारख्या ताऱ्यांचं आहे. गुच्छांतल्या जुन्या ताऱ्यांत जड मूलद्रव्यं सूर्याच्या कितीतरी पट कमी. जड मूलद्रव्यं कमी म्हणजे ताऱ्याच्या आतली अपारदर्शकता कमी, आतली ऊर्जा लवकर बाहेर पडते. तेवढ्याच वस्तुमानाचा तारा जास्त तेजस्वी आणि जास्त उष्ण होतो, इंधन लवकर संपवतो. हे धरून संगणकी प्रारूपं चालवली की १२ ते १३ अब्ज येतं. मुलांना १७.५ काढू द्या आणि हे कारण सांगा. नुसतं "अंदाजे" म्हणून सोडू नका.

ज्येष्ठाच्या अगदी शेजारी मेसिए ४ हा गुच्छ आहे. साताऱ्याहून तो क्षितिजापासून ४५ अंशांपर्यंत वर येतो, दुर्बिणीत सहज दिसतो. त्यातल्या श्वेत बटूंचं, म्हणजे इंधन संपून निवत चाललेल्या ताऱ्यांचं, तेज हबल दुर्बिणीने मोजलं. त्यावरून २००२ मध्ये १२.७ अब्ज वर्षं आली. निवायला लागणारा वेळ म्हणजे अगदी वेगळं घड्याळ, तरी उत्तर जवळचं.

"विश्वापेक्षा जुना तारा" ही बातमी मुलं आणतीलच. तूळ राशीतला एचडी १४०२८३. २०१३ मध्ये त्याचं वय १४.४६ अब्ज दिलं गेलं, पण सोबत ±०.८ होतं. ते बातम्यांत गाळलं जातं. खालची कड १३.६६ आहे, म्हणजे विरोध नाहीच. नंतरच्या अभ्यासांत वय आणखी खाली आलं.

तिसरं घड्याळ युरेनियमचं, आणि ते तर रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं. युरेनियम २३५ चा अर्धायुकाल ०.७०४ अब्ज, २३८ चा ४.४६८ अब्ज. ०.६९३ ला या दोन्हींनी भागून वजाबाकी करा: ०.९८५ − ०.१५५ = ०.८३. ताऱ्यांच्या स्फोटांत ही दोन साधारण १.३ : १ बनतात, आज प्रमाण १ : १३८. म्हणजे प्रमाण १७९ पटीने घटलं. लॉग १७९ = २.२५३, गुणिले २.३०२६ = ५.१९, भागिले ०.८३ = ६.२५ अब्ज. हे विश्वाचं वय नव्हे. युरेनियम एका दिवशी बनलं नाही, आकाशगंगेत सतत बनत राहिलं, त्यामुळे ही खालची मर्यादा. पण विश्व ६ अब्जांपेक्षा जुनं आहे हे सांगलीच्या वर्गात बसून, दुर्बिणीशिवाय कळतं.

एकाच झटक्यात बनलेलं युरेनियम हवं तर जुना तारा बघा. तिमिंगल तारकासमूहातल्या सीएस ३१०८२-००१ मध्ये २००१ साली युरेनियमची रेष सापडली. युरेनियम-थोरियम प्रमाण सुरुवातीला सुमारे ०.५ धरलं आणि आजचं ०.११५, तर घट ४.३५ पट. नैसर्गिक लॉग १.४७. थोरियमचा अर्धायुकाल १४.०५ अब्ज, फरक ०.१०६. उत्तर १३.९ अब्ज. मात्र प्रमाणात २० टक्के चूक झाली तर वयात १.७ अब्जांची होते, आणि तेवढी चूक इथे अगदी शक्य आहे. आकडा जुळला म्हणून त्याला फार अचूक समजू नका.

भागाकार

शेवटचं. बातम्यांत 'ह' कधी ६७, कधी ७३. पत्रकात कुठला घालायचा?

यवतेश्वर (सातारा)

दोन्ही. प्लांक उपग्रहाने विश्वाच्या आदिम प्रकाशावरून ६७.४ काढला, त्रुटी ०.५. सेफीड आणि अतिनवताऱ्यांच्या शिडीवरून २०२२ मध्ये ७३.० आला, त्रुटी १. दोन्ही गट काटेकोर आहेत आणि त्रुटी एकमेकींना शिवत नाहीत. ७३ घेऊन ०.९५१ ने गुणलं तर १२.७ अब्ज. तेव्हा जुन्या गुच्छांना विश्वात बसवायला जागा फार कमी उरते. शिडीत चूक आहे की ०.९५१ देणाऱ्या प्रारूपात, हे अजून सुटलेलं नाही. मुलांना हे असंच सांगायचं, उघडा प्रश्न म्हणून.

सगळ्यांच्या सूचना घेऊन सत्राची आखणी अशी: इलॅस्टिक २० मिनिटं. वर्णपट वाटून कॅल्शियमच्या रेषा मोजणं ३५ मिनिटं (निर्वातातला ३९३.४८ हाच आकडा छापतो, म्हणजे मिरज जंक्शन यांचा पहिला खड्डा टळतो). आलेखावर शून्यातून रेघ आणि पहिलं वय १५ मिनिटं. दहा पट्ट्यांची बेरीज ३० मिनिटं, प्रत्येक गटाने एकच पट्टी करायची आणि फळ्यावर बेरीज. उरलेल्या वीसांत युरेनियम.

रात्री कासच्या बाजूला अंधारात जायचं जमलं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात नऊ-दहाच्या सुमारास कन्या आणि अरुंधती केश दोन्ही डोक्यावर असतात. कन्या समूहातली मेसिए ८७ सहा इंची दुर्बिणीत धुरकट ठिपका दिसते. अरुंधती केशातल्या एनजीसी ४८८९ ला आठ इंची आणि चंद्र नसलेली रात्र हवी. आपण उभे असू तो काळा खडक ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. मेसिए ८७ चा प्रकाश साधारण ५.४ कोटी वर्षांपूर्वी निघाला, म्हणजे लाव्हा थंड झाल्यावर. अरुंधती केशाचा ३२ कोटींहून आधी, लाव्हाच्या कितीतरी पूर्वी. पहिला दाखवताना टॉर्च खडकावर मारायची, मग दुसरा दाखवायचा.

इलॅस्टिक किती लागेल ते कासपठार यांनी सांगावं. दहा गट धरलेत.

कासपठार (सातारा)

साडेबारा मीटर. पंधरा घ्या, दोन गट तरी दीडपटीच्या पुढे ओढतील आणि ते इलॅस्टिक पुन्हा वापरता येणार नाही. चिमटे वीस, लाकडी पट्ट्या वीस. आणि खुणा आदल्या दिवशी करून ठेवा, ओल्या शाईवर ओढलं की खूण पसरते आणि दोन-तीन मिलिमीटरचा घोळ होतो.